टेल बॅग दर वेळी सायलेन्सरकडेच का झुकते? स्पोर्ट बाइकवर सॉफ्ट लगेज बांधताना

तक्रार थोडक्यात अशी. घरून निघताना टेल बॅग, म्हणजे मागच्या सीटवर बांधायची बॅग, इतकी घट्ट असते की तिला धरून ओढलं तर आख्खी गाडी हलते. साठ-सत्तर किलोमीटरनंतर पाहावं तर ती उजवीकडे, सायलेन्सरच्या अंगाला झुकलेली. पट्टे पुन्हा आवळायचे, पुढच्या साठ-सत्तर किलोमीटरला पुन्हा तेच. माझ्या गाडीवर सलग चार प्रवासांत हे झालं. आर१५, आरसी, निन्जा, अपाचे आरआर घेऊन फिरणाऱ्या ओळखीच्यांना विचारलं, तर बऱ्याच जणांचं गाऱ्हाणं हेच आणि उपायही एकच, तो म्हणजे आणखी आवळणं. त्याने हा त्रास जात नाही. कशाने जातो ते मला उशिरा कळलं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

माझी गाडी २०१८ ची यामाहा आर१५ व्ही३. मागची सीट वेगळी, अरुंद आणि शेपटीकडे चढत गेलेली. सायलेन्सर उजवीकडे, वर उचललेला. मागे धरायला दणकट दांडी नाही, त्यामुळे हूक अडकवायला सहज अशी जागाच नाही. बॅग ४५ लिटरची, नायलॉनची, चार कोपऱ्यांना चार क्लिपा. प्रवास पुणे ते सावंतवाडी, निपाणी-आजरा-आंबोली मार्गे, पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. तिकडे मामा असतात, त्यामुळे वर्षातून तीन-चार फेऱ्या होतात.

चौथ्या फेरीत, जुलैमध्ये, निपाणीला हायवे सोडून आजऱ्याकडे लागले आणि प्लॅस्टिक जळाल्याचा वास यायला लागला. पुढे एक ट्रॅक्टर होता, वाटलं त्याचाच असेल. ट्रॅक्टर मागे पडला तरी वास सोबतच. आजऱ्याच्या अलीकडे चहाला थांबले तेव्हा दिसलं. बॅगेचा खालचा उजवा कोपरा सायलेन्सरच्या पत्र्यावर टेकला होता. नायलॉन पेट घेण्याआधी वितळतं. ते काळं, चकचकीत, गुळाच्या पाकासारखं होऊन पत्र्याला चिकटलं होतं, आणि बॅगेला दोन रुपयांच्या नाण्याएवढं भोक पडलं होतं. आत आईने मामीसाठी दिलेली सुती साडी होती. ती मामीसमोर उलगडली तेव्हा एका ओळीत पाच तपकिरी गोल दिसले, पहिला मोठा, पुढचे लहान लहान होत गेलेले. एका घडीतून दुसऱ्या घडीत ऊब पोचत गेली होती. मामी काही बोलली नाही, पण मला फार वाईट वाटलं.

मामांनी तीस वर्षं टेम्पो चालवला. कधी चिरे, कधी आंब्याच्या पेट्या, असं सगळं घाट चढवून कोल्हापूरला नेलं. त्यांनी बॅगेच्या भोकाकडे पाहिलंही नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली, चारही पट्टे बोटाने वाजवून बघितले आणि म्हणाले, "दोरी आवळून काय उपयोग गो, सामान खंय पळता तां आधी बघ."

आधी बॅग कुठे पळते ते बघा

मामांनी खडू मागितला. मी आता रंगकामात वापरतात ती कागदी टेप वापरते, ती सीटवर चांगली चिकटते आणि निघताना रंग खरवडत नाही. बॅग नेहमीसारखी बांधायची, तिच्या चारही कोपऱ्यांलगत सीटवर आणि शेपटीच्या पॅनेलवर टेपचे तुकडे लावायचे, आणि दहा-बारा किलोमीटर चालवून यायचं. रस्त्यात स्पीडब्रेकर हवेत, एक-दोन कडक ब्रेक हवेत, थोडा चढ हवा. मी मळगावपर्यंत जाऊन आले. आल्यावर बॅग सोडायच्या आधी कोपरे टेपपासून किती सरकलेत ते पाहायचं.

सगळी बॅग पुढे, तुमच्या पाठीकडे सरकली असेल तर मागचे पट्टे कमी पडतायत. मागे सरकली असेल तर पुढचे. ऐकायला उलटं वाटतं, म्हणून मामांनी हे माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं: मागे बांधलेला पट्टा सामानाला पुढे जाऊ देत नाही, पुढे बांधलेला मागे जाऊ देत नाही. सरळ खाली ओढणारा पट्टा दोन्ही कामं अर्धवट करतो. तो फक्त बॅग सीटवर दाबतो, आणि दाबलेली बॅगही गुळगुळीत रेक्झिनवरून सरकतेच. आपल्यापैकी बहुतेकांचे चारही पट्टे सरळ खाली, फुटरेस्टच्या ब्रॅकेटकडे जातात, कारण डोळ्यांना दिसणारा आणि हाताला लागणारा मजबूत तुकडा तोच असतो.

माझ्या बॅगेचं मात्र तिसरंच निघालं. डावा पुढचा कोपरा जागेवरून जराही हलला नव्हता. उजवा मागचा दोन बोटं मागे आणि खाली गेला होता. म्हणजे बॅग घसरत नव्हती, फिरत होती. एका कोपऱ्यावर पाय रोवून उरलेलं अंग वळवावं तशी. चार प्रवास मी घसरण थांबवायचे उपाय करत होते आणि त्रास फिरण्याचा होता.

कारण सापडायला मग पाच मिनिटंही लागली नाहीत. उजवीकडे सायलेन्सर आहे म्हणून मी त्या बाजूचा पट्टा लांबून, मागून वळवून नेला होता. डावीकडचा आखूड, उजवीकडचा जवळजवळ दुप्पट. दोन्ही सारख्याच ताकदीने आवळलेले. पण पट्टा जितका लांब तितका तो ताणल्यावर जास्त वाढतो. प्रत्येक खड्ड्यात उजवीकडचा थोडा जास्त सुटायचा, बॅग तेवढी उजवीकडे यायची आणि परत जात नव्हती. आवळून फरक का पडत नव्हता, तेही यातून कळलं. मी दोन्ही पट्टे आवळायचे, त्यामुळे आखूड पट्टा आणखी घट्ट व्हायचा आणि बॅगेला वळायला तोच टेकू मिळायचा.

तुमच्या गाडीवर हीच गोष्ट डावीकडे होत असेल तर तिकडच्या पट्ट्याची लांबी आधी मोजा. डाव्या-उजव्यात चार बोटांपेक्षा जास्त फरक असला की बॅग फिरणारच असं मी धरून चालते.

पट्टा कशाला बांधायचा

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि तुम्हीही घालवा.

चाकासोबत खालीवर होणाऱ्या कुठल्याच भागाला पट्टा बांधायचा नाही. स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा, त्याच्यासोबत हलणारा दांडा), पॅडॉक स्टँडचे बॉबिन (मागचं चाक उचलून धरणारा स्टँड अडकवायला स्विंगआर्मवर लावलेल्या गोट्या), चाकाला चिकटून असलेला मडगार्ड, यातलं काहीच नाही. खड्ड्यात चाक वर येतं तेव्हा स्विंगआर्म आणि सीट यांच्यातलं अंतर कमी होतं, पट्टा क्षणभर सैल पडतो. चाक खाली गेलं की त्याला झटका बसतो. सैल-झटका, सैल-झटका असं हजारदा झालं की कुठलाही बकल सुटतो. मी ओळखीच्या एका मुलाला बॉबिनला बांधलेली बॅग सोडायला लावली, आणि त्याचा जुना त्रास त्याच दिवशी गेला.

प्लॅस्टिकचं पॅनेल, इंडिकेटरची दांडी, नंबरप्लेटचा पत्रा हेही नकोत. काही गाड्यांना मागच्या सीटवर आडवा पट्टा असतो, तो मागे बसणाऱ्याने धरण्यासाठी आहे. तो सीटच्याच तळाला अडकवलेला असतो, त्यामुळे त्याला बॅग बांधली तर सगळा ताण सीटच्या छोट्या कुलपावर जातो.

बांधायचं ते सबफ्रेमला, म्हणजे मागच्या सीटला खालून पेलणाऱ्या सांगाड्याला. स्पोर्ट गाडीत ती पॅनेलखाली झाकलेली असते, पण मागची सीट किल्लीने काढली की दोन्ही बाजूंच्या नळ्या दिसतात. तिथे पंचवीस मिलिमीटर रुंद पट्टीचे चार फास घालून ठेवायचे, दोन पुढे, जिथे दोन्ही सीट भेटतात तिथे, आणि दोन अगदी मागे. सीट बसवली की फासांची टोकं सीट आणि पॅनेल यांच्या फटीतून बाहेर येतात. प्रवास नसेल तेव्हा आत दुमडून ठेवायची. क्रिएगासारख्या ब्रिटिश कंपनीच्या टेल बॅगांसोबत असे फास येतातच. आपल्याकडे बॅगा दुरुस्त करणारा कुठलाही कारागीर गाडीच्या सीटबेल्टच्या पट्टीतून ते शिवून देतो. मी माझे नाना पेठेतून गाडीचं सामान आणताना वाटेतल्या एका दुकानातून शिवून घेतले. त्याला एवढंच सांगा की शिलाई चौकोनात फुली अशी हवी, नुसती एक आडवी टीप नको.

दोन गोष्टी मात्र तपासा. फास वायरच्या जुडग्यावरून किंवा बॅटरीच्या टोकांवरून जात नाही ना. आणि सीट बसवल्यावर कुलूप पूर्ण लागलंय ना. पट्टीची जाडी मध्ये आली की सीट बसल्यासारखी वाटते, पण कुलूप अर्धवटच लागलेलं असतं. दोन्ही हातांनी वर ओढून खात्री करून घ्या.

फुटरेस्टचा ब्रॅकेट वापरायचाच असेल तर फास ब्रॅकेटच्या मुळाशी घाला, दुमडणाऱ्या फुटरेस्टला नको. आणि उजवीकडे बहुतेक गाड्यांत सायलेन्सर त्याच ब्रॅकेटला टांगलेला असतो हे ध्यानात ठेवा. पट्ट्यांमध्येही पॉलिप्रॉपिलीनचे स्वस्त पट्टे १६०-१६५ अंशांच्या आसपास वितळतात. नायलॉन आणि पॉलिस्टर बरंच पुढपर्यंत तग धरतात.

पट्ट्यांची दोन कामं वेगळी ठेवा. खालचे चार बॅगेचा तळ जागेवर धरतात. वरून जाणारे दोन आतलं सामान दाबून धरतात. आपण बऱ्याचदा वरचेच दोन घालतो आणि तेच सगळं करतील असं समजतो. मग आतले कपडे बसतात, बॅगेची उंची दोन बोटं कमी होते आणि वरचा पट्टा सैल. पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये सैल पडण्याचं हेच मुख्य कारण. माझ्या चार प्रवासांतल्या अर्ध्या सैलपणाला ते जबाबदार होतं. वरचे दोन पट्टे फुलीसारखे घातले, म्हणजे डाव्या पुढच्या फासातून उजव्या मागच्याकडे आणि उलट, तर बॅग फिरायला बराच विरोध होतो.

लोखंडी हुकांच्या बंजी दोऱ्या मी वापरत नाही. त्या ताणतात, म्हणून बॅग खड्ड्यात उडते आणि परत येताना जागेवर येईलच असं नाही. आवळताना हूक सुटून डोळ्यात जाऊ शकतो, ती भीती वेगळीच. थोडा ताण हवाच असेल तर अर्धा रबर आणि अर्धी पट्टी असलेले रॉक स्ट्रॅप बरे, त्यांच्या टोकाला हूक नसून फास असतो.

पावसात पट्टा लांबतो

जुलैच्या त्या फेरीत बॅग नेहमीपेक्षा जास्त का झुकली, हे मला नंतर उमगलं. नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की लांबतं. पुण्यात कोरडा आवळलेला पट्टा कऱ्हाडपर्यंत भिजून सैल झालेला असतो. पॉलिस्टरचं तसं फारसं होत नाही, म्हणून फास आणि पट्टे दोन्ही पॉलिस्टरचे मिळाले तर घ्या. बॅगेसोबत आलेले नायलॉनचे असतील तर पावसाळ्यात ते आधी ओले करून मगच आवळा. मी निघण्याआधी मगभर पाणी ओतते, पाच मिनिटं थांबते आणि मग शेवटचं आवळते.

बॅगांना असतो तो शिडीसारखा प्लॅस्टिकचा बकल ओल्या पट्टीवर सरकतो. उरलेलं टोक बकलमधून उलटं एकदा पुन्हा ओवलं की सरकणं थांबतं. त्यानंतर जे टोक लोंबतं ते गुंडाळून वेल्क्रोने किंवा रबरबँडने बांधलंच पाहिजे. हा सगळ्यात धोकादायक भाग आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही यालाच. डावीकडे चेन आहे. चालत्या गाडीत पट्टीचं टोक चेन आणि स्प्रॉकेटमध्ये गेलं तर मागचं चाक क्षणात अडकतं. एकदा माझ्या पट्टीचं टोक चेनच्या वंगणाने काळं झालेलं सापडलं, बस एवढंच झालं. त्यानंतर मी जास्तीची पट्टी कापून टोक मेणबत्तीवर वितळवून घेतलं.

बॅग मोठी आणि सीट लहान

या गाड्यांची मागची सीट जेमतेम एका माणसाला टेकता येईल एवढी. तिच्यावर ७०-७२ लिटरची बॅग ठेवली की दोन्ही बाजूंनी वीतभर अंग अधांतरी. पट्टे बॅगेच्या कडेपासून आत, अरुंद शेपटीकडे जातात, म्हणजे त्यांची ओढ आतल्या बाजूला. कडेला खाली धरणारं काहीच नसतं आणि भरलेली बाजू लोंबते. अशा बॅगा चांगल्या असतात, पण रुंद सीट आणि कॅरियर असलेल्या गाडीसाठी. स्पोर्ट गाडीला ३० ते ४५ लिटर पुरे, आणि तळ सीटपेक्षा दोन्ही बाजूंना तीन-चार बोटांहून जास्त रुंद नको.

बॅग आधीच घेतली असेल तर तळात सहा मिलिमीटरचं प्लायवूड बॅगेच्या मापाचं कापून, कोपरे गोल करून टाका. मऊ तळ सीटच्या कडांवरून दुमडतो, प्लाय दुमडत नाही. बॅगेखाली स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये अंथरतात ती जाळीदार रबरी मॅट घाला. भांड्यांच्या दुकानात मिळते, स्वस्त असते आणि रेक्झिनवर बॅगेला अजिबात सरकू देत नाही. माझ्या मते या सगळ्यांत सर्वात कमी पैशांत सर्वात जास्त उपयोगी पडलेली वस्तू हीच. मात्र ती घालण्याआधी सीट आणि पॅनेल ओल्या फडक्याने पुसा. धूळ अडकली तर ती रंग घासत राहते.

बॅग बांधताना गाडी सरळ उभी हवी. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कललेली असते, तेव्हा डोळ्यांना जे मधोमध दिसतं ते सरळ उभ्या गाडीवर मधोमध नसतं. पॅडॉक स्टँड असेल तर उत्तम, नाहीतर कुणाला तरी हँडल धरायला सांगा. माझ्याकडे हे काम वॉचमन काका करतात, आणि मागून उभं राहून "अजून थोडी डावीकडे, ताई" असंही सांगतात.

वजन

जड वस्तू तळात आणि पुढच्या बाजूला, म्हणजे तुमच्या पाठीजवळ. टूल किट, कुलूप, पंक्चरचं सामान, चार्जर, सगळं तिथे. कपडे वर आणि मागे. हे फक्त बॅग नीट बसावी म्हणून नाही. आर१५ व्ही३ चा व्हीलबेस, म्हणजे दोन्ही चाकांच्या अक्षांमधलं अंतर, १३२५ मिलिमीटर आहे. दहा किलोच्या बॅगेचं वजन मागच्या अक्षाच्या ३० सेंटिमीटर मागे पडलं तर पुढच्या चाकावरचं सव्वादोन किलो वजन उचललं जातं आणि मागच्या चाकावर सव्वाबारा किलो येतं. तीच बॅग अक्षाच्या वर आणली की पुढचं चाक जसं होतं तसंच राहतं. हायवेला वेगात हँडल हलकं, डुलल्यासारखं वाटत असेल तर आधी बॅग किती मागे आहे ते पाहा. खंबाटकीच्या चढात मला हा फरक हातांना जाणवतो.

भरलेली बॅग घरच्या वजनकाट्यावर ठेवा. गाडीच्या पुस्तिकेत एकूण किती भार चालतो ते लिहिलेलं असतं, त्यातून तुमचं वजन वजा करा आणि उरलं त्याच्या बरंच आत राहा. टायरची हवा मागे माणूस बसल्यावर जेवढी सांगितली आहे तेवढी भरा. मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे आधीच दिलेला दाब, बदलता येत असेल तर एक-दोन पायऱ्या वाढवा. चेनचा ढिलेपणा सामान लादून, वर बसून एकदा तपासा. आणि रात्री समोरचे लोक डिपर देत असतील तर त्यांचं बरोबर आहे. मागून गाडी दबली की हेडलाइट वर बघतो.

पाठीवर सॅक घेऊन, पुढे वाकलेल्या बसण्यात तीनशे किलोमीटर, हे मी कुणालाच सुचवणार नाही. सगळं वजन मनगटांवर येतं. त्यात कुलूप किंवा पाने असतील तर पडल्यावर ते मणक्याखाली येतात.

सायलेन्सर

बॅग बांधून झाली की कडेवर दोन्ही हातांनी जोर देऊन खाली दाबा. दाबलेल्या अवस्थेत बॅग आणि सायलेन्सर यांच्यात किमान वितीचं अर्धं अंतर राहिलं पाहिजे. ते राहत नसेल तर बांधणी बदला. मध्ये पत्र्याचं कवच घालून चालवायचं झालं, तर तो दुसरा बचाव समजा, पहिला नाही. गाडी चालू असताना वारा असतो, खरी धग सिग्नलला आणि टोलच्या रांगेत लागते.

सायलेन्सर कुठे आहे त्यावर बॅगेची निवड ठरते. जुन्या केटीएम आरसी ३९० चा सायलेन्सर पोटाखाली होता, त्यामुळे तिच्यावर दोन्ही बाजूंना बॅगा टाकता यायच्या. २०१७ पासूनच्या आरसी ३९० ला तो बाजूला आला, म्हणून जुन्या गाडीवर बसणारी बॅग नव्या गाडीवर बसेलच असं धरू नका. परदेशात राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कुणाकडे २००४ ते २०१४ मधली यामाहा आर१ किंवा होंडा सीबीआर ६००आरआर असेल, तर त्यांचा सायलेन्सर सीटखालून मागे निघतो. तिथे टेल बॅगेच्या तळालाच धग लागते आणि प्लायखाली हवा खेळायला जागा ठेवावी लागते.

सॅडलबॅग, म्हणजे सीटवरून दोन्ही बाजूंना टाकायच्या बॅगा, वर उचललेल्या सायलेन्सरच्या गाडीवर मी टाळते. डावीकडे चाकात जाण्याची भीती, उजवीकडे जळण्याची. डावीकडे निदान साडी गार्ड असतो. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं चाक किमान अर्धं झाकणारी सोय केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२३ प्रमाणे सक्तीची आहे. बरेच जण दिसायला बरं वाटत नाही म्हणून तो काढून टाकतात. सॅडलबॅग टाकायची असेल तर तो परत लावा, बॅगेला चाकापासून दूर ठेवणारी गोष्ट तीच आहे.

टाकीवरची बॅग

मागचं वजन कमी करायचा हा चांगला मार्ग. सात-आठ लिटरचीच घ्या. त्याहून उंच असली तर वाकल्यावर छातीला लागते. चुंबकाची घेण्याआधी घरातलं फ्रिजचं चुंबक टाकीला लावून बघा. टाकीवर प्लॅस्टिकचं आवरण असेल तर ते चिकटणार नाही. बॅग लावल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. स्पोर्ट गाडीचं हँडल खाली असतं, ते बॅगेला टेकून हॉर्न वाजत राहतो किंवा इंजिन बंद करणारा किल स्विच दाबला जातो. हे पार्किंगमध्ये कळलेलं बरं, आंबोलीच्या वळणावर नको.

पाणी

पावसाचं कव्हर मी सोडलं. ऐंशीच्या पुढे ते फुगतं, बॅगेला मागे ओढतं, आणि तळाशी पाणी साठवतं. त्यापेक्षा आत जाड प्लॅस्टिकची पिशवी. खताच्या गोणीच्या आत असते तशी मिळाली तर ती सगळ्यात टिकाऊ, दोनदा धुऊन घ्यायची. गुंडाळून बंद होणारी बॅग असेल तर तोंड किमान तीन वेळा गुंडाळा. शिवलेल्या बॅगेत पाणी कापडातून येत नाही, टिपेच्या भोकांतून येतं. ज्यांनी मागचा मडगार्ड छोटा करून घेतलाय त्यांच्या बॅगेला पाणी आणि चिखल खालून, चाकाकडून बसतो, वरच्या कव्हरचा तिथे काहीच उपयोग नाही. आणि मागचा दिवा, इंडिकेटर, नंबरप्लेट बॅगेखाली झाकले जात नाहीत ना, हे दहा पावलं मागे जाऊन बघा. आंबोलीच्या धुक्यात मागच्या गाडीला तेवढाच दिवा दिसतो.

आता मी शिरवळला, म्हणजे साधारण पन्नास किलोमीटरवर, एकदा थांबते आणि फक्त वरचे दोन पट्टे आवळते. खालच्या चारांना हात लावत नाही, लावावा लागत नाही. पुढची तपासणी कोल्हापूरला. गेल्या तीन फेऱ्यांत टेपच्या खुणेपासून बॅग अर्ध्या बोटाहून जास्त हललेली नाही, त्यातल्या एका फेरीत निपाणीपासून आंबोलीपर्यंत सलग पाऊस होता.

परतीची बांधणी मात्र वेगळी करावी लागते. जाताना बॅगेत कपडे असतात, येताना मामी आमसुलं, कुळथाचं पीठ, काजू आणि आगळाच्या दोन बाटल्या देते. वजन तीन-चार किलोंनी वाढतं आणि ते आकाराने लहान, घट्ट असतं. बाटल्या उभ्या, टॉवेलात गुंडाळून, प्लायच्या पुढच्या कडेला. मग टेपचे चार नवे तुकडे लावायचे आणि मळगावपर्यंतची चक्कर परत मारायची. मामा तोवर ओसरीवर बसून वाट बघतात, आणि मी आले की स्वतः उठून कोपरे बघतात.